त्रेचाळीस पांढरे ठिपके

मद्रासकडं वादळ उठलं की बंगळूरला धड पाऊस येत नाही, नुसता ओलावा येतो. १९९७च्या नोव्हेंबरातले ते दिवस तसलेच. हेब्बाळच्या तळ्यावरचं धुकट अकरापर्यंत हलत नव्हतं, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नव्हते, आणि ‘लघिमा’ कंपनीच्या वरच्या मजल्यावर खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद कोपऱ्यातनं सुटून लोंबत होता.

गुंडो पावणेआठला आला. कुलूप काढलं, यूपीएस चालू केला, मग दोन्ही मोठे मॉनिटर. ते अर्धा तास तापल्याशिवाय तो चित्राकडं बघायचा नाही. “थंड काचेवरचं चित्र खोटं बोलतंय,” म्हणायचा. तेवढ्या वेळात मलमलीच्या फडक्यानं काचा पुसायच्या, खिडकीतनं कुठं उजेड शिरतोय का बघायचं. आज तीन ठिकाणी शिरत होता. त्यानं चिकटपट्टी घेतली, दातानं तोडली, कागदाचे कोपरे दाबून बसवले. हात सवयीनं चालले होते, पण डोळा सारखा घड्याळाकडं जात होता. आज अकरा वाजता विहिरी मोजणाऱ्या खात्याची माणसं चाचणीचा निकाल बघायला येणार होती.

घरनं निघताना अहल्यानं, त्याच्या बायकोनं, लिंबाच्या भाताचा डबा हातात देत म्हटलं होतं, “आज तरी चित्रान्न पुरतं खा हो. काल निम्मं परत आणलात.”

“टेन्शन आहे की गं आज.”

“चित्रं बघायला पगार मिळतो, त्यात कसलं टेन्शन? मी जन्मभर या चुलीकडं बघालेय, मला एक दमडी दिली का कुणी?”

चामराजपेटेत दोघांचं असंच चालायचं. गुंडोच्या घरच्यांचं म्हणणं, आपण शहाजीराजांच्या वेळेपासनं इथले. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हीचं मिळून जे होतं ते गुंडोच्या तोंडी. वय त्रेपन्न. त्यातली सव्वीस वर्षं सरकारी नकाशा खात्यात गेलेली, विमानातनं काढलेल्या फिल्मा आणि त्यांचे फोटो साफ करण्यात. खात्यात या कामाला ‘ठिपके मारणं’ म्हणायचे. फिल्मवर धुळीचा कण बसलेला असला की तो प्रकाश अडवतो आणि कागदावरच्या फोटोत त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. गुंडो एका केसाच्या कुंचल्यानं तो ठिपका आजूबाजूच्या रंगात मिळवून टाकायचा. शेत असलं तर शेताच्या रंगात, माळ असला तर माळाच्या. ठिपका कुठं होता हे नंतर देवालाही सापडू नये, असा त्याचा हात. आणि प्रत्येक ठिपका मारला की वर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर पेन्सिलीची एक बारीक फुली. साहेबानं विचारलं तर दाखवायला.

खात्यात संगणक आले, कुंचले कपाटात गेले, आणि लवकर निवृत्ती घ्या असा कागद आला. गुंडोनं घेतली. त्याच वर्षी कुणाच्या तरी ओळखीनं विद्याधर त्याला भेटायला घरी आला.

विद्याधर पुण्याचा, तिशीतला. नोकरी सोडून त्यानं चौऱ्याण्णव साली हेब्बाळला एका घराच्या माडीवर दोन संगणकांवर ‘लघिमा’ काढली होती. कल्पना साधी होती. विमानातनं आणि उपग्रहातनं काढलेली चित्रं इतकी जड, की एका चित्राला अख्खा संगणक पुरायचा नाही. विद्याधरचं सॉफ्टवेअर तेच चित्र विसाव्या हिश्शात दाबून बसवायचं आणि परत उघडलं की होतं तसं दाखवायचं. होतं तसं म्हणजे जवळजवळ. या ‘जवळजवळ’पायीच शहाण्णव साली कंपनी बुडायला आली होती. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाकडं चित्र उघडलं तर जंगलावर फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसले. गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर विद्याधरनं ठरवलं, नुसत्या हिशेबावर भरवसा नाही, एक डोळा पाहिजे. तो डोळा म्हणजे गुंडो. मूळ चित्र एका मॉनिटरवर, दाबलेलं दुसऱ्यावर. बोट बोट जागा सरकवत दोन्ही बघायची, फरक वहीत लिहायचा, आणि काही नसेल तर खाली सही. गुंडोच्या सहीशिवाय सीडी माडीवरनं खाली जायची नाही.

आणि आजच्या सीडीवर त्याची सही होती.

हे गिऱ्हाईक गेलं तर पुढचं नव्हतं. अमेरिकेतल्या एका कंपनीचं असंच सॉफ्टवेअर बाजारात आलेलं. माडीवरच्या सात माणसांपैकी दोघांनी दुसरीकडं मुलाखती देऊन ठेवल्या होत्या, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. खात्यानं चाचणीला एकच चित्र दिलं होतं, एका कोरड्या तालुक्याचं, फार उंचावरनं काढलेलं. ते पास झालं तर तीन जिल्ह्यांचं काम.

साडेआठला गुंडोनं कपाटातनं पिवळं पाकीट काढलं. आत चित्राची मूळ फिल्म होती. पाहुण्यांना ती खालनं दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर मांडून दाखवायची होती. ही फिल्म गुंडोनं आजवर बघितलीच नव्हती. खात्याकडनं ती थेट बोम्मसंद्र्याच्या स्कॅनिंगवाल्याकडं गेली, तिथनं चित्र एका झिप डिस्कवर इकडं आलं, डिस्क त्याच दिवशी परत गेली, आणि फिल्म काल संध्याकाळी सील लावून आली.

त्यानं सील फोडलं, टेबलाचा दिवा लावला. वीतभर लांब, वीतभर रुंद फिल्म काचेवर ठेवली.

रस्ते पांढरे होते.

गुंडो बघतच राहिला. सव्वीस वर्षांत त्याच्या हाताखालनं गेलेल्या हजारो फिल्मांत रस्ते काळे असायचे आणि पाणी पांढरं. उलटी फिल्म, निगेटिव्ह. खात्यात त्याच्याकडं उलटीच यायची. हिच्यात पाणी काळं, रस्ते पांढरे. ही सुलटी होती.

सुलट्या फिल्मवर धूळ बसली तर चित्रात काळा ठिपका पडतो. पांढरा पडूच शकत नाही.

पण मग गेल्या मंगळवारी, ते चित्र दाबायच्या आधी, त्यानं जे पांढरे ठिपके मारले होते, ते काय होते?

त्याला कुणी सांगितलं नव्हतं ठिपके मारायला. चित्र उघडलं, पांढरे कण दिसले, आणि हात आपोआप माऊसकडं गेला. ‘स्वल्प धूळ आहे, साफ करून टाकू, पाहुण्यांपुढं घाण कशाला.’ आजूबाजूच्या शेताचा रंग उचलायचा, ठिपक्यावर लावायचा. संगणकात हे कुंचल्यापेक्षा सोपं. संध्याकाळपर्यंत चित्र कसं लख्ख झालं. मग त्यानं ते त्याच नावानं साठवून टाकलं. फिल्म साफ केल्यावर घाणेरड्या फिल्मची नक्कल कोण ठेवतंय?

सवयीनं फुल्या मात्र मारलेल्या. फिल्मच्याच मापाचा प्रिंट काढून, वर पारदर्शक कागद लावून.

तो कागद वहीत घडी करून ठेवलेला होता. त्यानं काढला, कोपऱ्याच्या खुणा जुळवत फिल्मवर ठेवला. दोनदा सरकला, परत जुळवला. मग भिंग डोळ्याला लावून पहिल्या फुलीवर वाकला. फुलीखाली पांढरा ठिपका, गोल. दुसऱ्या फुलीखालीही. धूळ कधी गोल नसते. ती वेडीवाकडी, शेपटीवाली असते. हे त्याला काय ठाऊक नव्हतं? आणि ठिपके शेतांच्या कोपऱ्यांत होते, ओढ्याच्या कडेकडेनं गेलेले. मंगळवारी एकदा मनात आलंही होतं, ही धूळ अशी ओळीनं कशी बसली. मग वाटलं, कुणीतरी फडकं ओढलं असेल.

विमान उडायच्या आधी जमिनीवरच्या खुणांना चुना मारतात, वरनं दिसाव्यात म्हणून. खात्यात असताना त्यानं तसल्या खुणा कितीदा बघितलेल्या. विहिरी मोजायच्या होत्या. विहिरींच्या काठांना चुना मारला होता.

गुंडोनं त्रेचाळीस विहिरी बुजवल्या होत्या. वर सही केली होती.

त्याला घाम फुटला. त्या गारठ्यात शर्ट पाठीला चिकटला. घड्याळात पावणेनऊ. त्याला वाटलं, कागद फाडावा. फिल्म पाकिटात घालावी. दोन्ही मॉनिटरवरची चित्रं सारखीच होती, कारण दोन्हीत विहिरी नव्हत्या. कुणाला कळणार? फिल्मवरचे ठिपके नुसत्या डोळ्याला दिसतही नव्हते.

त्यानं कागद वहीत ठेवला. परत काढला. परत ठेवला. मग खुर्चीवर बसून राहिला.

सव्वानऊला मुग्धा आली. नागपूरची पोरगी, दाबलेलं चित्र मुळापासून किती घसरलं त्याचा आकडा काढणारा प्रोग्रॅम तिचा. छत्री झटकत म्हणाली, “काय हो अण्णा, असे काऊन बसून राहिले? दिवा तरी बंद करा टेबलाचा, फिल्म तापून राहिली.”

“मुग्धा, मंगळवारच्या चित्राची नक्कल आहे का गं कुठं? मी उघडायच्या आधीची?”

“कोडचा बॅकअप घेतो आपण शुक्रवारी. चित्राचा कुठून घेणार? जागा कुठंय डिस्कवर? पंच्याऐंशी एमबीचं धूड ते.” मग तिनं त्याचं तोंड बघितलं. “काय झालं?”

“विद्याधर येऊ दे.”

“बाप्पा! अण्णा, सांगा ना. माझा जीव घाबरा करू नका.”

विद्याधर साडेनऊला आला, नवा शर्ट घालून, हातात पाहुण्यांसाठी आणलेली बिस्किटं. गुंडोनं त्याला फिल्म दाखवली, कागद दाखवला, सांगितलं. सांगताना कुठं अडखळला नाही. सगळं एका दमात सांगून टाकलं.

विद्याधरनं बिस्किटं टेबलावर ठेवली. “गुंडोअण्णा, प्लीज, हा जोक आहे असं सांगा.”

“नाही रे.”

“पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं रिटच करायला? तुमचं काम बघण्याचं. नुसतं बघण्याचं!”

“नाही सांगितलं कुणी.”

“माझा आकडा बरोबर आला होता,” मुग्धा पुटपुटली. “येणारच ना. दोन्ही साफ केलेलेच.”

विद्याधरनं बोम्मसंद्र्याला फोन लावला. स्कॅनर सोमवारपर्यंत अडकलेला. झिप डिस्क? ती पुसून दुसऱ्याला दिली सर. त्यानं फोन ठेवला, बिस्किटांचा पुडा उगाच इकडचा तिकडं केला. मग हळू आवाजात म्हणाला, “हे बघा. आज ते काय बघणार? तळं, रस्ता, गाव. जनरल क्वालिटी. एक एक विहीर कोण शोधतंय पहिल्याच दिवशी? आज पास होऊ. सोमवारी परत स्कॅन करू, सीडी बदलू. सापडलं नाही तर...”

“आणि सापडलं तर?”

विद्याधरनं बिस्किटांचा पुडा परत पहिल्या जागी ठेवला.

“सापडलं तर म्हणतील, सॉफ्टवेअरनं विहिरी खाल्ल्या,” गुंडो म्हणाला. “तुझी तीन वर्षं माझ्या कुंचल्यापायी जातील. मग तू कितीही सांग, कोण ऐकतंय? आत्ता सांगितलं तर निदान कुणी खाल्ल्या ते तरी कळेल.”

“आत्ता सांगितलं तर उठून जातील ते!”

“जातील की,” गुंडो म्हणाला. “मला ठाऊक आहे.”

अकरा वाजून पाच मिनिटांनी खाली जीप थांबली. मल्हारराव वर आले, बरोबर फाइल धरलेला एक कारकून. खात्याचे हे विजापूरकडचे इंजिनिअर, साठीला टेकलेले, पायात धुळीनं भरलेले बूट. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही असा माणूस. मुग्धानं कॉफी पुढं केली. “नंतर,” म्हणाले, आणि सरळ मॉनिटरपुढं बसले. “उघडा बघू.”

विद्याधरनं सीडी घातली. तालुका पडद्यावर उतरला. मल्हाररावांनी तळ्याकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघितलं नाही. बोट टेकवलं ते ओढ्याच्या वळणावर. “इथं मोठं करा.”

मोठं केलं. शेतं, बांध, झाडं. मल्हाररावांचं बोट तिथंच. “इथं माझी विहीर होती.”

विद्याधरनं माऊसवरचा हात काढला.

“साहेब,” गुंडो मागनं म्हणाला, “विहीर मी पुसली.”

मल्हारराव खुर्चीतच वळले. “तुम्ही कोण?”

“गुंडो. चित्र तपासतो. सॉफ्टवेअरचा दोष नाही, माझा आहे. उलटी फिल्म समजलो. पांढरं ते धूळ म्हणून साफ केलं. एकूण त्रेचाळीस.” त्यानं पेन्सिलीच्या फुल्यांचा कागद पुढं धरला.

“साफ केलं?” मल्हाररावांचा आवाज चढला. “तीन आठवडे पायी फिरलोय त्या तालुक्यात मी! चुन्याच्या बादल्या घेऊन! गावकरी हसायचे, साहेब विहिरींचं लगीन लावालाय म्हणून. आणि तुम्ही इथं पंख्याखाली बसून साफ केलं?”

“चूक झाली.”

“चूक कसली हो ही! विहिरी मोजायला चित्र दिलं, तर विहिरीच पुसतात!”

गुंडो मान खाली घालून उभा राहिला. विद्याधर मधे पडून काही म्हणायला गेला, मल्हाररावांनी हातानं गप्प केलं. तावातावानं परत पडद्याकडं वळले. माऊस स्वतःच्या हातात घेतला, चित्र इकडंतिकडं सरकवायला लागले, अजून काय काय गेलंय ते शोधत. सरकवता सरकवता एका माळावर थांबले. पुढं वाकले, जवळजवळ नाक काचेला लागेल इतके.

“हे काय?”

माळावर एक काळी बारीक रेघ होती, टोकाशी वळलेली. शेजारी चार-पाच काळे कण.

गुंडोनं भिंग घेतलं, टेबलावरच्या फिल्मवर तीच जागा शोधली. श्वास रोखून बघितलं. “केस आहे साहेब. फिल्मवर बसलाय. खरी धूळ ही. मी झुडपं समजून सोडली.”

मल्हारराव उठले, भिंग घेतलं, स्वतः बघितलं. मग पडद्यावर बघितलं. मग परत फिल्मवर. केसाचं वळण तेच, टोकाला फुटलेला फाटा तोच. एक कण अर्धवट होता, तोही तसाच अर्धवट.

“विसावा हिस्सा केलाय म्हणता?”

“हो सर,” मुग्धा घाईनं म्हणाली. “पंच्याऐंशीचे चार एमबी.”

“चार.” मल्हाररावांनी भिंग खाली ठेवलं. “म्हणजे तुमच्या मशीननं माझ्या ऑफिसातली धूळसुद्धा टाकली नाही. आणि या बाबानं विहिरी टाकल्या.”

कुणाला हसावं कळेना. कारकून मात्र फाइलीआड हसला. मल्हाररावांनी फुल्यांचा कागद मागून घेतला आणि फिल्मवर ठेवून एक एक फुली भिंगाखाली घेत गेले. तोंडानं गावांची नावं, शेतकऱ्यांची नावं. गुंडो शेजारी उभा. प्रत्येक नावाला त्याला आत टोचत होतं. सदतिसाव्या की अडतिसाव्या फुलीवर मल्हारराव थांबले. “ही विहीर नव्हे. मारुतीचं देऊळ आहे. देवही पुसलात.”

“सरी,” गुंडोच्या तोंडून आपसूक कन्नडातलं ‘बरं’ निघालं.

कॉफी गार झालेली. मल्हाररावांनी ती तशीच घेतली.

“परत स्कॅन करा,” विद्याधरला म्हणाले. “पुढच्या बुधवारी येतो. तेव्हा माझी एक एक विहीर दिसली पाहिजे. काम देतो असं आत्ता म्हणत नाही. आणि या माणसानं चित्राला हात लावायचा नाही.” मग गुंडोकडं बघून, जरा थांबून, “फुल्या कशापायी मारल्या हो? चोर कधी यादी ठेवतो का?”

“सवय आहे साहेब. जुन्या खात्यातली.”

“दुसरी सवयही तिथलीच,” मल्हारराव म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

जीपचा आवाज लांब गेला तसा विद्याधर खुर्चीत कोसळला. मुग्धानं बिस्किटांचा पुडा फोडून त्याच्यापुढं सरकवला. त्यानं एक घेतलं, खाल्लं नाही.

“अण्णा, तुमच्या मशीनवरचं सेव्ह बंद करतोय मी,” म्हणाला. “आत्ता. फक्त बघायचं. राग मानू नका.”

“कर.”

“आणि बुधवारी नाही जमलं तर मला माहीत नाही पुढं काय.”

“मला विचारायचं होतं,” गुंडो म्हणाला. “बुधवारी सही कुणाची?”

विद्याधरनं त्याच्याकडं बघितलं. हातातल्या बिस्किटाचा तुकडा मोडला. “तुमचीच. दुसरं कोण आहे इथं, केस आणि झुडूप यातला फरक सांगणारं?”

“तोही मला कळला नव्हता.”

“आता कळला ना.”

मुग्धानं वही गुंडोपुढं सरकवली. त्यानं सीडीच्या नोंदीवरची आपली सही एका रेघेनं खोडली, शेजारी तारीख घातली. सहा दिवस होते बुधवारला. सहा दिवस चित्रान्न असंच परत जाणार, अहल्या असंच बोलणार. फिल्म पाकिटात घालताना त्यानं ती दोन्ही हातांनी कडेला धरली, मऊ ब्रशानं केस अलगद झाडला, कण झाडले, मगच आत सरकवली.

दुपार झाली तरी बाहेरचं धुकट तसंच. उजव्या मॉनिटरच्या काचेवर एक फिकट पट्टा पडलेला दिसला, आणि त्याचं काळीज परत हललं. मग बघितलं, तर खिडकीचा काळा कागद ओलाव्यानं पुन्हा सुटला होता. त्यानं चिकटपट्टी घेतली, स्टूल ओढलं, वर चढला. “मुग्धा, स्वल्प तो कोपरा धर गं,” म्हणाला, आणि पट्टी दातानं तोडली.